गालातला घास

— नाही, बसतेच मी. कोणी यायचं असलं तरी बसते, ते आले की उठेन. तुमची पिशवी तेवढी घ्या खुर्चीवरून — राहू दे, मीच ठेवली खाली. खारू, तू आत सरक, भिंतीकडे. टोपी काढू नकोस. काकांना टोपी बघू दे. ओळखीची वाटतेय ना, हो? लाल, लोकरीची, कानाशी उसवलेली. तुम्हीच लिहिलंय तसं — 'कानाशी उसवलेली लाल टोपी'. काल रात्री शिवायला घेतली होती मी, सुईत दोरासुद्धा ओवला, आणि मग म्हटलं, कशाला? पुरावा कोणी शिवून टाकतं का? तशीच ठेवली. आणि पडून राहिले छताकडे बघत. झोप? झोपेचं नाव नाही. का नाही, ते विचारा. नका विचारू, मीच सांगते.

काल निजताना हिने विचारलं, "आई, मुकी म्हणजे काय?" — दिवा मालवलेला, पांघरूण गळ्यापर्यंत, आणि एकदम हा प्रश्न. कुठून आला? रविवारच्या फोनवरून आला. माझ्या सासूबाईंना पेपर मोठ्यानं वाचायची सवय, आणि आमचा फोन कायम स्पीकरवर, कारण माझे हात कधी रिकामे नसतात. "अगं, तुम्ही जाता त्या चहाच्या दुकानाबद्दल आलंय, टोपी आपल्या खारूचीच दिसतेय, पण मेल्यानं मुकी म्हटलंय गं पोरीला!" मेल्यानं हा त्यांचा शब्द. मी तोंडावर असं बोलत नाही — म्हणजे आत्ता बोलले, पण तो त्यांचा निरोप समजा. तर रविवारी ऐकलेला शब्द हिने शुक्रवारी बाहेर काढला. इतके दिवस गालात धरून ठेवला होता, घास धरते तसा. आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी शिकलेली बाई, 'मुलांशी खरं बोला' या विषयावर ढीगभर पुस्तकं वाचलेली, त्यातलं एक तर छापायच्या आधी मीच तपासलेलं — मी सांगितलं, "मुकी म्हणजे जी खूप मुके देते ना, ती." हसू नका. तुम्हाला हसायचा हक्क नाही. तुमच्या शब्दावर पांघरूण घालायला मला पोटच्या पोरीशी खोटं बोलावं लागलं. ती खूश झाली का? मुळीच नाही. उलट म्हणाली, "मग पेपरातल्या काकांना कसं कळलं?" बघा! मुकी मुलगी असा प्रश्न विचारते? साडेचार वर्षांचं पोर, आणि बातमी कुठून आली ते विचारतंय — जे तुमच्या संपादकांनी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "झोप आता." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. आणि मी छताकडे.

तुम्हाला वाटत असेल, एका शब्दासाठी केवढा हा थयथयाट! तर ऐका. परवा सोमवारी शाळेत बोलावलंय आम्हा दोघींना. शाळेच्या मोठ्या बाई तुमचं सदर दर रविवारी वाचतात. वाचतात कसल्या, भक्तच आहेत. तुम्ही ज्या चहाघराला बरं म्हणाल तिथे पुढच्या आठवड्यात मैत्रिणींना घेऊन हजर. त्यांनी टोपी ओळखली. लगेच फोन. आवाज इतका गोड की मी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. "तुम्ही मुलगी लाजाळू आहे म्हणाला होतात. आम्हीही वाट बघत होतो. पण बाहेरच्या माणसाच्याही जे लक्षात आलं…" बाहेरचा माणूस म्हणजे तुम्ही. "तिला जास्त आधार मिळेल अशी दुसरी शाळा असते, आपण समोरासमोर बोलू." असते! कुठली ते मला माहितीये. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, चांगली आहे, मी नावं ठेवत नाही, पण ज्यांना बोलता येत नाही अशा मुलांसाठी आहे आणि हिला बोलता येतं. वर्ग सुरू झाल्यापासून शाळेत एक शब्द काढलेला नाही, मान्य. हजेरीला नुसता हात वर करते. तहान लागली की नळाकडे बघत उभी राहते. पण येतं बोलता! आणि मला झोप का लागली नाही? कारण सोमवारी मोठ्या बाई गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकणार आणि विचारणार, "काय गं, तू बोलत का नाहीस?" — आणि समजा, समजा हो, नेमकं तेव्हाच हिने तोंड उघडलं, तर शाळेतलं हिचं पहिलं वाक्य काय असेल? "मी मुकी आहे." हसत हसत, मान वर करून, अभिमानाने! आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. बैल तुमचा आहे, पण आमंत्रण मी धाडलं.

तर मला काय हवंय? माफी नको. माफी घेऊन मी ठेवू कुठे? उद्याच्या सदरात फक्त एक ओळ — 'गेल्या रविवारी जिला मी मुकी म्हटलं ती मुलगी मुकी नाही.' बस. मोठ्या बाई उद्या सकाळी वाचतील, परवा खुर्चीत बसवून नीट बोलतील. मजकूर गेला? छे हो, मला नका सांगू. हिच्या जन्मापर्यंत मी मुद्रितशोधक होते, रविवारची पानं शनिवारी संध्याकाळी कशी लावतात ते मी जन्मभर बघितलंय. एखादं विशेषण उडवलं की ओळीची जागा होते, आणि तुमच्याकडे विशेषणांना काय तोटा? — काय? मी कशावरून म्हणते, सदरातले 'चोखंदळ' तुम्हीच? अहो, चहा आला की माणसं पितात. तुम्ही कपात नाक घालून डोळे मिटून बसलात, जसा काही कप तुमच्या कानात गुपित सांगतोय. गल्ल्यावरच्या बाईंनी सगळ्यांच्या बशीत एक बिस्किट ठेवलंय, तुमच्या बशीत तीन आहेत. आणि त्याहून सोपं म्हणजे तुम्ही नदीच्या काठाकाठाने चाललाय. आधी पुलाखालचं, मग पोस्टासमोरचं, मग पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवरचं. पुढचं हेच की! टोपणनावाने चेहरा झाकलात, पायांचं काय? पायांचे ठसे दर रविवारी छापून येतात.

तुमचं वाक्य पाठ आहे मला. म्हणून दाखवू? "कोपऱ्यात एक मुकी मुलगी दुधात बन बुडवत होती आणि तिची आई तिच्या वाटचं सगळ्या जगाशी बोलत होती. त्या मुलीच्या मौनात, मला या चहाघराचा आत्मा सापडला." आत्मा! कुठे, बनात? आणि 'मौनात'नंतर स्वल्पविराम नको होता, पण ते असो. मुकीच का? 'अबोल' लिहायचं होतंत, एक अक्षर जास्त. 'शांत' लिहायचं होतंत, अक्षरं तेवढीच, जागा तेवढीच, आणि मी आज घरी कपडे वाळत घालत असते. पण नाही. मुकी म्हटलं की वाचणाऱ्याचा गळा दाटतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! बन मऊ होता एवढं सांगण्यासाठी तुम्ही माझ्या मुलीची जीभ कापलीत हो. आणि 'सगळ्या जगाशी' म्हणजे काय? त्या दिवशी मी वाढणाऱ्या ताईंशी बोलले, शेजारच्या टेबलाशी दोन शब्द, जिन्यात पुस्तकवाल्याशी, आणि — हो, तुमच्याशी. साखर मागितली होती. साखरेवरून दातांचा विषय निघाला. दातांवरून थोडं घरभाडं. त्याला सगळं जग म्हणत नाहीत.

आणि तिच्या तोंडात घास होता हो! एवढंही दिसलं नाही तुम्हाला? आमच्या घरात एकच नियम कडक आहे, तोंडात घास असताना बोलायचं नाही. मीच घातलेला. मला वाटलं, वळण लागेल. लागलं ना! खारू का म्हणतो हिला? खारीसारखं गालात साठवते. घराबाहेर पाऊल टाकलं की एक घास असा बाजूला ढकलते आणि तो गिळतच नाही. कोणी काही विचारलं की गालाकडे बोट. घास आहे. नियम आहे. आईचाच नियम आहे. आता बोला! डब्याची सुट्टी होऊन तास झाला तरी वर्गात गाल फुगलेला. बाईंना वाटायचं दाढ सुजलीय, त्यांनी मला दाताच्या डॉक्टरकडे धाडलं, आणि मी गेलेसुद्धा! बनातली दालचिनी या गावची की त्या गावची ते सांगणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या मुलीचा फुगलेला गाल दिसू नये? आत्तासुद्धा बघा. काय आहे गं गालात? मघाची पोळी. घरून निघताना दिलेली. बघितलंत? पोळीच आहे. मौन नाही.

— हं, या ताई. खारू, बघ, ताई आल्या. काय हवंय आपल्याला? सांग बरं ताईंना, मोठ्यानं — कोमट दूध आणि एक बन, कडा काढून. मला चहा, साखर कमी. यांना काही नको, यांचं झालंय.

काय? असे काय बघताय माझ्याकडे? अहो, त्यांना बाकीची टेबलं आहेत, ताटकळत ठेवायचं का बिचारीला? — विचारलं की मी तिला! तुमच्यासमोर विचारलं. — थांबलेसुद्धा. मनात मोजले मी. मोजायचेच असतात. हा शब्दबाईंचा उपाय आहे. शब्दबाई म्हणजे मुलांना बोलायला मदत करतात त्या, घरात आम्ही त्यांना तसं म्हणतो. तुम्हाला काय वाटलं, आम्ही मायलेकी चैन म्हणून शहरातली चहाघरं पालथी घालतोय? त्यांनी सांगितलं, "औषध नाही, गोळी नाही. तिला नवनव्या ठिकाणी न्या, जिथे अनोळखी माणसं विचारतात आणि चांगलं काहीतरी मिळतं. तिला हवं ते तिने मागायचं. तुम्ही मनात दहापर्यंत मोजायचं आणि गप्प बसायचं." सोपं आहे की नाही? तुम्ही मोजून बघा कधी, वाढणाऱ्या ताई डोक्यावर उभ्या, मागच्या टेबलावरचा माणूस घसा खाकरतोय. एक — ही बशीकडे बघतेय. दोन — ताईंची भुवई वर. तीन — "दूध आणि बन." तीनच्या पुढे मी गेलेले नाही. एकदा चारपर्यंत गेले होते, ते माझा ठसका गेला नव्हता म्हणून.

पण फिरलो, तुमच्यापेक्षा जास्त फिरलो. स्टेशनावरचं, तिथे भिंतींना पांढऱ्या फरशा आहेत आणि आपण बोललेलं सगळं आपल्यालाच परत ऐकू येतं — तिथे मी दुसऱ्यांदा गेले नाही. बागेतलं, तिथे चिमण्या बशीत चोच घालतात. हॉस्पिटलसमोरचं, त्यावर तुम्ही लिहिलंत 'चहा बेचव, कप अर्धे भरलेले परत जातात'. अहो शहाणे, तिथे चहा कोणी चवीने पीत नाही. तिथे माणसं कप हातात धरायला येतात. शेजारी बसलेली एक बाई घड्याळाकडे बघत नुसती बशीवर बोट फिरवत होती, आणि ही तिच्याकडे टक लावून बघत बसली, आणि त्या बाईनं हिच्याकडे बघून मान हलवली, हिने हलवली, बराच वेळ चाललं होतं दोघींचं. मी मध्येच म्हटलं, "नमस्कार कर मावशींना." संपलं. — तुम्हाला हे का सांगतेय मी? तुमच्या कामाचं नाही. लिहून घेऊ नका.

हो, कळलं. ऐकल्याशिवाय लिहिणार नाही म्हणता. वा! मुकी लिहायला ऐकावं लागलं नाही, मुकी नाही लिहायला ऐकावं लागतं. चोराच्या उलट्या बोंबा! पण ठीक आहे. हाताच्या काकणाला आरसा कशाला? बसलीय ना समोर, विचारा तिला. विचारा काहीही. — खारू, काका तुला नाव विचारतायत. सांग. सांग ना, आपलं छान नाव — खारूच म्हणतो आम्ही, शाळेतलं वेगळं आहे, ते आजीने ठेवलं, लांबलचक आहे आणि हिला लिहायला जड जातं. बरं, दुसरं विचारा. टोपी कोणी विणली? आजीने विणली. म्हणजे ती सांगेल! खारू, टोपी कोणी विणली? — आजीने, हो ना? आणि उसवली कोणी? मी उसवली. धुताना. — आता का हात वर करून बसलात? अहो, मी तिला सुरुवात करून देतेय. विहिरीतून पाणी काढायचं तर आधी घागर सोडावी लागते! माझ्या सासूबाई तर रोज फोनवर ऐकवतात, "बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत." मग कोणीतरी ओरडायला नको का गव्हाच्या पोत्याशेजारी बसून? मी ओरडते. एवढाच माझा गुन्हा.

आणि बोलते ती. मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुठे? त्या खाद्यमहोत्सवात. रेल्वेच्या गोदामांच्या आवारात भरला होता तो, ज्याला तुम्ही 'चवींचा महासागर' म्हणालात. महासागर! घोट्याएवढा चिखल आणि सगळं एकाच तेलात तळलेलं. मी पावाच्या रांगेत उभी होते, पाववाल्याशी बोलत होते — काय बोलत होते ते सोडा, ओव्हनबद्दल — आणि हाताकडे बघते तर हातात नुसता हातमोजा. हिचा. ही नाही. अहो, मूल हरवलं की आया हाका मारतात. मीही मारल्या, गळा फाटेपर्यंत. पण बाकीच्या आयांना ओ येईल अशी आशा तरी असते. माझं मूल हरवलं तर गप्प हरवणार. माझ्यापासून चार हातांवर उभं असलं तरी गप्प. मी त्या गर्दीत सगळ्यांचे पाय बघत धावत होते, चेहरे नाही, नुसते पाय, आणि मग सूपच्या गाडीपाशी हिचे बूट दिसले. लाकडी खोक्यावर बसली होती पाय हलवत आणि बोलत होती! सूपवाली बाई कांदे चिरत होती. तिने मान वर केली नाही, हं नाही की हूं नाही, एक प्रश्न नाही, चिरतेय आपली. आणि ही सांगतेय — आमची बादली निळी आहे. बाबा महिन्यातून एकदा येतात आणि त्यांच्या बुटांना तेलाचा वास येतो. मला दूध नाही आवडत. चिमणीनं माझा बन खाल्ला तेव्हा मी तिला खाऊ दिला. — अशी सलग! खडाखडा! गाल सपाट! आता पटलं? मुकी म्हणे.

काय?

— हो, आत्ता दूधच मागवलं मी. सवयीने गेलं तोंडातून. दुधात ताकद असते. आणि ती तसं मला कुठे म्हणाली, ती सूपवालीला म्हणाली. मला सांगितलं असतं तर मी — असो. ताई! अहो ताई! — गेल्या आत. राहू दे.

आणि मग काय झालं विचारता? मग मी गेले, मिठी मारली, म्हटलं, "बोल ना, बोल बाळा, थांबलीस का?" आणि ती थांबलीच. सूपवाली म्हणाली, "गोड बोलते हो पोरगी." मी म्हटलं, "हो ना, खूप बोलते ती, घरी बादली आहे ना आमच्याकडे, निळी, आणि हिचे बाबा —" आणि तिला ते सगळं पुन्हा मी सांगितलं. बुटांच्या वासासकट. तिने सूपचा वाडगा हिच्या हातात दिला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. — किती वेळ? म्हणजे, मला सगळं कसं ऐकू आलं? ऐकू आलं कारण मी — पिंपामागे उभी होते. सूपच्या पिंपामागे. लगेच का नाही गेले? एवढी धावत आलेली बाई, पोर समोर सापडलंय, आणि पिंपामागे उभी? मीही विचारलं स्वतःला. पाय हललेच नाहीत. दिवसाउजेडी तिचा आवाज कसा असतो ते मी ऐकलंच नव्हतं.

— नाही नाही, घरी बोलते! घरी टकळी चालू असते तिची. बादलीशी. न्हाणीघराच्या दारातून येतं ऐकू, मी आत गेले की पाणी तेवढं वाजतं. आणि अंधारात माझ्याशी बोलते. दिवा मालवला की. कालही नाही का बोलली. अंधारात मी दमलेली असते ना. पडलेली असते नुसती. माझ्या तोंडून शब्द निघत नाही तेव्हा ती —

हे छापायचं नाही. हे उद्या छापलंत ना, तर मी तुमच्या कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसेन आणि मी किती बोलू शकते ते तुम्ही बघितलंय. हेच हवं होतं ना तुम्हाला? सापडला आत्मा? नको मला तुमची ओळ. मोठ्या बाईंना मी बघून घेईन, दुसरी शाळा तर दुसरी शाळा. जा तुम्ही. उठा. चहा गार झालाय तुमचा, लिहा त्यावर, 'गार चहात मला अमुक सापडलं'. पुढच्या चहाघरात दुसरं कोणी मूल बघा, लंगडं बघा, आंधळं बघा, शहरात काय कमी आहेत? माझ्या मुलीकडे नका बघू. — ऐकू येतंय ना? उठा म्हटलं. असे काय बसून राहिलात तिच्याकडे बघत, हाताची घडी घालून, एक शब्द न — तुम्ही मोजताय. मोजताय तुम्ही! ओठ हलतायत तुमचे, मला दिसतंय! खबरदार, माझ्या मुलीवर प्रयोग करायला तुम्ही कोण? शब्दबाई आहात? सूपवाली आहात? ती नाही बोलायची तुमच्याशी, दहा मोजा नाहीतर हजार मोजा, ती अनोळखी माणसांशी — खारू, काकांच्या बशीला हात लावू नकोस, आपलं येतंय. काका, तिला बिस्किट चालत नाही, तिला — काय गं? काय झालं? गिळलास? सगळा? कधी गिळलास? आ कर बघू. रिकामं? — अगं, खुर्चीवर उभी राहू नकोस, पडशील, काका, धरा तिला — चिकट हात, खारू, आईच्या तोंडावर नको, हात काढ, आई काकांशी बो—

"मी मुकी नाहीये. मी आईलापण मुका देत नाही. तिचं तोंड सारखं हलतं."